पंख्याची वायर

माझी आत्या बस डेपोत मेकॅनिक आहे. बावीस वर्षं इंजिनात हात घातलेली बाई, पण फोरमनने तिला चार महिने गाड्या धुवायला लावल्या. चढावर एका बसचं इंजिन तापून जाम झालं आणि त्याने अहवालात लिहिलं, पंख्याची वायर हिने नीट बसवली नाही, ती निसटली आणि पंखा थांबला. चौकशीत हे खरं ठरलं असतं तर तिची नोकरी जाणार होती.

हे खोटं आहे हे तिला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. मी त्याच डेपोत ड्रायव्हर. म्हटलं, मग बोल ना. ती म्हणाली, थांब, त्याला आणखी दोनदा लिहून देऊ दे. राग मुरवावा तर माझ्या आत्याने. एका शिलाई मशीनवरून ती माझ्या वडिलांशी अकरा वर्षं बोलली नव्हती.

फोरमन छोट्या गाड्यांवर शिकलेला. तिथला पंखा विजेवर फिरतो, वायर काढली की थांबतो. आमच्या बसचा पंखा फिरतो तेलाच्या जोरावर. इंजिन पंप चालवतं, पंप तेल दाबाने मोटारीत ढकलतो, मोटार पंखा फिरवते. वायर जाते ती फक्त एका व्हॉल्व्हला. इंजिन थंड असताना वीज मिळाली की तो बरंचसं तेल परस्पर टाकीत सोडतो आणि पंखा हळू फिरतो. वीज तुटली की ती वाट बंद, सगळं तेल पंख्याकडे. मुद्दामच तशी सोय केलेली असते, वायर तुटली तरी इंजिन तापू नये म्हणून.

चौकशीच्या दिवशी साहेब, फोरमन आणि निम्मा डेपो आवारात जमला. तसल्याच दुसऱ्या बसमध्ये आत्याने मला बसवलं आणि थंड इंजिन चालू करून ठेवायला सांगितलं. मग माझ्या खिडकीखाली उभ्या फोरमनला गोड आवाजात विचारलं, वायर निघाली की पंखा थांबतो, नक्की ना? तो साहेबांकडे बघून हो म्हणाला. तिने वायर काढली आणि मला खूण केली. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. पंखा असा घोंगावला की साहेबांचे कागद उडाले. फोरमनचा चेहरा बघून मला जो आनंद झाला, त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

मी पाय काढल्यावर आत्याने सांगितलं की हा पंखा मंदावतो तो टाकीतलं तेल कमी झालं की. इंजिन जाम झालं त्या सकाळी तेल तपासल्याची सही कोणाची, ते साहेबांनी स्वतःच वाचलं. सही फोरमनची होती.

तो आत्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "ताई, चुकलं माझं."

"ऐकू येत नाही," आत्या म्हणाली.

त्याने पुन्हा म्हटलं. तिने मागे उभ्या माणसांकडे बोट केलं. "त्यांनाही ऐकू जाऊ दे."

तिने न सांगताच मी अ‍ॅक्सिलरेटर पुन्हा दाबला. फोरमन गळ्याच्या शिरा ताणून माफी ओरडत राहिला. वायर जोडली असती तर पंखा लगेच शांत झाला असता. ती आत्याच्या हातातच होती.