खांडव्याची पेशी

बऱ्हाणपुरात जन्म काढून हा माणूस केळं तोंडात घालत नाही — यावरून माझी घरीदारी खूप चेष्टा झाली. वात होतो, असं मी सांगत आलो. बायकोलाही तेच सांगितलं, आणि खरं काय ते न कळताच ती गेली. मुलांना ठाऊक नाही, मित्रांना नाही. मग तुम्हाला का सांगतोय? ते मलाही नीट कळत नाही. ऐंशी उलटली, आणि स्वतःची शिसारी उशाशी घेऊन झोपायचा कंटाळा आलाय, एवढंच म्हणतो.

मी पोलिसांच्या कचेरीत हिशेबाचा कारकून होतो. ते दिवस राज्यं एकमेकांत मिसळण्याचे. आमचं नागपूर सुटलं, राजधानी भोपाळला गेली. इंदूर-ग्वाल्हेरकडचे कारकून आणि आम्ही जुने नागपूरवाले एका रांगेत आलो — कोण वर, कोण खाली, कोणाची खुर्ची राहणार, कचेरीत दुसरा विषयच नव्हता. त्यात आम्हाला एक खोड. तिकडचे लोक मागणी फुगवून पाठवत, वरचा कापणारच म्हणून. आम्ही ती आधी स्वतःच छाटायचो, मग पाठवायचो. काटकसरीचा कारकून म्हणून नाव होई. आणि मला त्या नावाचा अभिमान होता — काय माणूस होतो मी!

तर पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक करायचं होतं. त्यात एक बाब होती — कच्च्या कैद्यांना रेल्वेनं खांडव्याच्या सेशन कोर्टात नेणाऱ्या शिपायांचा भत्ता. भत्ता नाही तर शिपाई जात नाही, शिपाई नाही तर कैदी कोर्टात पोचत नाही, आणि कोर्ट पुढची तारीख देऊन मोकळं होतं. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. तरी मी ती बाब निम्म्यावर आणली. साहेबांच्या जीपच्या पेट्रोलला हात लावला असता तर साहेब ओरडले असते. कैद्यासाठी ओरडणार कोण? भोपाळनं माझा आकडा जसाच्या तसा मंजूर केला, आणि वर शाबासकीही दिली.

दिवाळीच्या आत तो पैसा संपला.

इथपर्यंत एक वेळ चूक म्हणता येईल. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो. पण थांबा.

फोपनारचा ओंकार नावाचा शेतकरी तेव्हा आमच्याकडे आत होता. शेजाऱ्याची कडब्याची गंजी पेटवली असा आरोप. जामीन राहायला कोणी पुढं आलं नाही. त्याची बायको रुखमा प्रत्येक पेशीला, म्हणजे कोर्टाच्या तारखेला, स्वतःचं तिकीट काढून पॅसेंजरनं खांडव्याला जायची, कोर्टाच्या ओसरीत दिवसभर बसायची. आरोपी आणलाच नाही, असं संध्याकाळी कळायचं. दुसऱ्या दिवशी ती आमच्या कचेरीत यायची. थेट माझ्या टेबलाशी, कारण बाकीचे बाबू हिंदीत बोलायचे आणि मी तिच्या भाषेत.

"भाऊ, या खेपेले तरी नेतीन ना त्याहिले? आपला मानूस बसेल हाये अठी, म्हून जीव ऱ्हायते."

आपला माणूस! आणि त्या आपल्या माणसानं तिला काय सांगितलं? — "भोपाळवाल्यांनी पैसे कापले, बाई. आपल्या लोकांना आता कोण विचारतो?" माझ्या तोंडून हे इतकं सहज गेलं की मला अडखळायलाही झालं नाही. गावात तेव्हा जो तो भोपाळला शिव्या देत होता; माझं खोटं त्यात विरघळून गेलं. तीही शिव्या द्यायला लागली. जाताना माझ्या टेबलावर केळ्यांची एक फणी ठेवून जायची. मी ती घरी न्यायचो. मुलं टोळासारखी तुटून पडायची, आणि मीही खायचो.

आता ते सांगतो, ज्याच्याभोवती इतका वेळ घुटमळतोय.

आमचे साहेब ग्वाल्हेरकडचे, सरळ माणूस. रुखमाला दारात बसलेली बघून एक दिवस त्यांनीच मला बोलावलं. "बाबू, ये औरत बार-बार क्यों आती है? पैसा कम पड़ रहा है, तो भोपाल को लिख देते हैं. और माँग लेंगे."

एक पुरवणी मागणी — बस. साहेब सही करायला तयार होते, कागद मलाच लिहायचा होता. पण जास्त मागायचं म्हणजे पहिला आकडा चुकला, हे माझ्याच हातानं भोपाळला कळवायचं. शाबासकी पुसली जाणार, रांगेत मी खाली जाणार. मी म्हणालो, "जरूरत नहीं साहब. चल जाएगा."

चल जाएगा. कुणाचं चालणार होतं? माझं.

त्या थंडीत ओंकारची आई वारली. तो भिंतीआड होता. फोपनार काही लांब नाही, पण न्यायला शिपाई कुठून आणणार? रुखमा त्यानंतरही आली. रडली नाही. फणी ठेवली, पुढची तारीख विचारली आणि मी ती सांगितली.

नवीन वर्षाचा पैसा आला तेव्हा त्याला खांडव्याला नेलं. साक्षीदारानं, आपण अंधारात माणूस ओळखलाच नव्हता, असं सांगून टाकलं. ओंकार पहिल्याच पेशीत सुटला. पहिल्याच! म्हणजे तो त्याच्या आधी केव्हाही सुटला असता. मी खुर्चीवर कायम झालो, आणि पुढे बढतीही घेतली.

सुटल्यावर दोघं माझ्या घरी आली. ओंकारच्या खांद्यावर केळ्यांचा अख्खा घड होता. माझ्या बायकोनं त्यांना चहा केला, रुखमाला खण दिला. ओंकार म्हणाला, "माय गेली, पन तुम्ही व्हता म्हून हिले धीर व्हता, भाऊ. तुमचे उपकार फिटनार नाही." आणि वाकून त्यानं माझे पाय धरले.

मी पाय मागं घेतले नाहीत. बायको कौतुकानं बघत होती. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "अरे, ते तर माझं कामच होतं."