आक्काची किडनी माझ्या घरी नांदते

माझ्या पोटात उजव्या बाजूला खाली जी किडनी बसवली आहे ती माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची. कागदोपत्री तिने ती मला दिली. मनाने मात्र मुळीच दिलेली नाही. लेक सासरी धाडली म्हणून आई तिची विचारपूस सोडते का, तसला हा प्रकार आहे. आक्का मुरुडजवळच्या तिच्या गावाहून आगरदांड्याला येते, फेरीबोटीने दिघीला उतरते, एसटीने म्हसळ्याला आमच्याकडे पोचते आणि उंबऱ्यातूनच विचारते, "कशी हाय?"

पहिल्यांदा माझी बायको बिचारी म्हणाली, "मी मजेत."

"तुला न्हाय गो. किडनीला इचारलं."

मग चौकशी सुरू. पाणी पाजतोस का तिला? मीठ कोणी घातलं भाजीत एवढं? मी साठीला टेकलेला रिटायर मास्तर, अर्ध्या तालुक्याचे कान पिळलेला, आणि माझ्या घरात मी नुसता सासरा!

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात आता अधूनमधूनच जावं लागतं. रोजचं बघतात त्या आमच्या गावातल्या डॉक्टरीणबाई. नवी किडनी परकी समजून अंगाने हुसकून लावू नये म्हणून मला जन्मभर गोळ्या आहेत, आणि त्या गोळ्यांनी रोगाशी लढायची ताकदही कमी होते. म्हणून खोकणाऱ्यांच्या बाकावर मला बसायला बंदी. बाई मला मागच्या दाराने, त्यांच्या स्वयंपाकघरातून आत घेतात. बीपी मोजून होईपर्यंत त्यांच्याकडे दुपारी कसली आमटी आहे ते मला कळलेलं असतं.

गणपतीत आक्का मुद्दाम राहायला आली. घरात माणसांचा राबता आणि प्रत्येकाकडे माझ्यासाठी औषध. मावशीने कसलासा पाला आणला, एका मेव्हण्याने काळी पूड आणली. आक्का दारातच खुर्ची टाकून बसली होती. "डॉक्टरनं सांगितलंय, भायेरचं काय द्यायचं न्हाय. भाऊ माझा हाय, पन किडनी त्याहून माझी हाय!" मावशी जी रुसली ती आरतीलाही थांबली नाही. मला तर आक्काचा अभिमानच वाटला.

पण गणपती गेले आणि माझे हात कापायला लागले. बशीतला कप खुळखुळायचा. डोकं ठणकायचं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. किडनीचं काम मंदावलं होतं. मुंबईला फोन झाला. गोळीचं रक्तातलं प्रमाण किती आहे तेही तपासायला पाठवलं, आणि सुधारणा नाही झाली तर दाखल व्हा असा निरोप आला. किडनी जाते की काय, या भीतीने मला घास उतरेना. खोटं कशाला सांगू, किडनी जाण्यापेक्षा मला आक्काची भीती जास्त वाटत होती. तिने पोट फाडून दिलेली वस्तू मी वर्षा-दोन वर्षांत वाया घालवली, हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार?

सांगावं लागलंच नाही. कोणाकडून तरी कळलं तशी ती पुढच्याच फेरीबोटीने हजर झाली आणि तिने घरात पोलीस तपास मांडला. बायकोची मिठाची बरणी जप्त. सुकटीचा डबा शेजारी रवाना. "मी घरला गेले न् ह्यांनी हाल केले पोरीचे," असं ती गल्लीला ऐकू जाईल इतपत बडबडत होती. बायको मुकाट्याने भांडी आपटत होती.

रिपोर्ट आला तशी आक्का माझ्याबरोबर दवाखान्यात निघाली. आमच्याकडे डॉक्टरकडे रिकाम्या हाताने जायची पद्धत नाही. कोणी शहाळं नेतं, कोणी पडवळ. आक्काने पिशवीतून आपल्या परसातलं भलंमोठं पपनस काढून बाईंच्या टेबलावर ठेवलं.

बाई रिपोर्ट वाचत होत्या. "गोळीचं प्रमाण दुपटीच्या वर गेलंय. काका, गोळ्या जास्त घेताय का?"

"छे हो!"

तेवढ्यात त्यांची नजर पपनसावर गेली. त्यांनी रिपोर्ट खाली ठेवला. "हे... काकापण खातात?"

"रोज!" आक्का फुलून म्हणाली. "बाप्पापुढं ठेवलेलं, आपल्या झाडाचं. मी सोवता सोलून भरवलं, जाताना पिशवीभर ठेवून बी गेले. भायेरचं काय न्हाय!"

बाईंनी कपाळाला हात लावला. मुंबईच्या डॉक्टरांनी आम्हाला एका परदेशी फळाची सक्त मनाई केली होती. ते म्हसळ्याच्या बाजारात जन्मात आलं नाही, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पपनस त्याचाच भाऊबंद निघाला. ते खाल्लं की ही गोळी अंगात साठत जाते आणि किडनीलाच मारते, हे बाईंनी अगदी हळू आवाजात सांगितलं. आक्काकडे बघायचा त्यांनाही धीर होईना.

  घरी येताच आक्काने मिठाची बरणी जागेवर नेऊन ठेवली. मुंबईला विचारून बाईंनी गोळी कमी केली, पपनस बंद झालं, आणि पुढच्या तपासणीपर्यंत आक्का आमच्याकडेच राहिली. जेवायची नाही नीट. उंबऱ्यातूनच "कशी हाय" विचारणारी आक्का भिंतीकडे तोंड करून निजायची. माझ्याने बघवेना.

त्या तपासणीचा रिपोर्ट आला तशा बाई स्वतःच आमच्या दारी आल्या. "गोळीचं प्रमाण उतरलं काका! किडनी ठीक आहे."

आक्का उठली. माझ्यासमोर येऊन जमिनीवर बसली, सदरा बाजूला सारून तिने माझ्या पोटावर उजवीकडे तळवा ठेवला. 

"चुकलं गो बाय माझं," ती म्हणाली. "आयशीच्या हातनं चुकलं."

 "अगं आक्का, असू दे गं—"

"तू गप ऱ्हा," ती डोळे पुशीत खेकसली. "तुज्याशी कोन बोलतंय?"