दोन विषय आणि चार कोरे फॉर्म

आमच्या हिंगणघाटच्या कॉलेजात विषय निवडायच्या कोऱ्या फॉर्मवर सही करून द्यायची पद्धत होती. नियमात नव्हती, पण होती. खेड्यांवरून एसटीनं येणारी पोरं-पोरी खाली सही करायची आणि फॉर्म तसाच पुढ्यात ठेवायची. "मॅडम, तुमाले जे बरं वाटन ते लिवून टाका. आमची बस हाये." मी स्वतः वडनेरची. माझ्या वेळी मीही असाच फॉर्म दिला होता आणि त्यातूनच भौतिकशास्त्र माझ्या गळ्यात पडलं. ते मला लाभलं, म्हणून ही पद्धत वाईट आहे असं मला कधी वाटलं नाही.

नवं धोरण आलं आणि प्रत्येक विद्यार्थ्यानं आपल्या शाखेबाहेरचा एक विषय घ्यायचा असं ठरलं. कॉलेजनं दोन विषय काढले. 'खगोलशास्त्राची ओळख' माझ्याकडे आला आणि 'इस्लामी संस्कृतीची ओळख' इतिहासाच्या सरांकडे. आम्ही दोघंही तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तास असतील तोवर मास्तर, तास संपले की घरी. मला दोन वर्षं झाली होती, सरांना बारा. त्यांचे केस पांढरे व्हायला लागले होते, पण दर जूनमध्ये नव्यानं अर्ज करताना फोटो ते जुनाच लावायचे. "नवीन फोटो पाह्यला त घेतीन काय मले?" असं म्हणून स्वतःच हसायचे.

दोन्ही वर्ग शेजारी होते, मध्ये प्लायवूडची भिंत. पलीकडून सरांचा आवाज यायचा आणि माझी पोरं तिकडेच कान लावून बसायची. शेवटी मीच एक दिवस माझा वर्ग उठवून त्यांच्याकडे नेला. त्या दिवशी ते सांगत होते की नमाजाची वेळ आणि दिशा नेमकी हवी, म्हणून त्या लोकांनी आकाश किती बारकाईनं मोजलं. मग आम्ही दोघांनी मिळून जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याच्या चकत्या कापल्या, मध्ये टाचणी लावली, आणि पोरांना ताऱ्याची उंची मोजायला शिकवलं. सर फळ्यावर ताऱ्याचं अरबी नाव लिहायचे, मी शेजारी आपलं नक्षत्र लिहायची. आपल्या रोहिणीतल्या मोठ्या ताऱ्याला तिकडे 'मागून येणारा' म्हणतात, कारण तो कृत्तिकांच्या मागून उगवतो. एक शेतकऱ्याची पोरगी म्हणाली, "मंग आमच्या बाबाले मालूम हाये ना हे, नाव मालूम नाई फक्त." सर त्या वाक्यावर इतके खूश झाले की आठवडाभर भेटेल त्याला ते सांगत सुटले. मी शिकवायला लागल्यापासून त्यापेक्षा चांगलं वर्ष मला मिळालेलं नाही.

दुसऱ्या वर्षी विषय चालायला किमान वीस विद्यार्थी हवेत असा नियम लागला. माझ्याकडे सोळाच आले. घरी बाबांनी सांगून ठेवलं होतं, यंदा तास मिळाले तर लग्नाचं थांबू, नाहीतर पाहुणे बोलावतो. मी स्टाफरूममध्ये तोंड पाडून बसायची. सरांकडे चोवीस होते. त्यातले आठ फॉर्म सही केलेले आणि कोरे, पण पोरांनी तोंडी सरांचाच विषय सांगितलेला. यादी करायचं काम माझ्याकडे होतं. सरांनी सगळा गठ्ठा माझ्या हातात दिला. "मॅडम, हे कम्प्युटरचं मले जमत नाई. तुमीच भरून टाका."

मी त्या आठ कोऱ्या फॉर्मांपैकी चारांवर खगोलशास्त्र लिहिलं.

कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय. तेव्हा मात्र मी स्वतःला फार शहाणी समजत होते. वीस माझे, वीस त्यांचे, दोघांचंही भागलं, कुणाचं काही गेलं नाही. सरांचे इतिहासाचे बाकीचे तास आधीच गेले होते आणि हा एकच वर्ग त्यांच्याकडे उरला होता. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायला आवडलं असतं. पण माहीत होतं.

पंधरा दिवसांत सरांच्या यादीतला एक मुलगा बुटीबोरीला कंपनीत लागला आणि एका मुलीचं लग्न ठरलं. राहिले अठरा. नोटीस लागली, पुरेशा संख्येअभावी विषय बंद. ते चार फॉर्म जागेवर असते तर बावीस राहिले असते. त्या अठरा जणांना माझ्या वर्गात पाठवलं. आधीच्या त्या चौघांतल्या एकानं व्हरांड्यात माझ्यादेखत सरांना विचारलं, "सर, मी त पह्यलेच तुमचा विषय सांगतला होता, माहं नाव मॅडमच्या यादीत कसं गेलं?" सर म्हणाले, "आता सारेच तिथं बसून राह्यले ना? मॅडम चांगलं शिकवते. जाय."

जायच्या दिवशी ते कपाटातल्या पुठ्ठ्याच्या चकत्या घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवल्या. "तुमाले लागतीन," एवढंच म्हणाले. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही. मी घरी जाऊन रडले, पण दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडे गेले नाही. त्या वर्षी मी चकत्यांचा धडा घेतलाच नाही. हातात धरवतच नव्हत्या.

पुढच्याच जूनमध्ये मला सिंदी रेल्वे या गावातल्या एका शाळेत कायमची नोकरी मिळाली. आठ दिवसांत मी कॉलेज सोडलं. खगोलशास्त्र शिकवायला दुसरं कुणी नव्हतं, तोही विषय बंद पडला. ज्यासाठी मी त्या माणसाची भाकरी काढून घेतली, ते मी वर्षभरही सांभाळलं नाही.

मागच्या दिवाळीत हिंगणघाटच्या स्टँडवर मी वडनेरसाठी आदिलाबादच्या गाडीत चढले, तर सर खिडकीशी बसलेले. कॉलेज सुटल्यापासून ते आदिलाबादला मुलीकडे राहतात, इकडचं त्यांना फारसं काही कळत नाही. त्यांनी सरकून खिडकीची जागा मला दिली. तब्येत विचारून झाली, पोरांच्या आठवणी झाल्या. हायवेला लागल्यावर मी हिंमत केली.

"सर, ते कोरे फॉर्म होते ना, त्यातले चार मी..."

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "त्या पोरायनं तवाच सांगतलं."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"काय बोलू? दोघायतला एक त जाणारच होता." मग हातातल्या तिकिटाची घडी घालत म्हणाले, "पण मॅडम, मांगले असते त मी देले असते."

त्यांनी मला दोष दिला असता तर मी तो सोसला असता. हे सोसवलं नाही. मी खिडकीकडे तोंड केलं. त्यांनी मला रडू दिलं आणि कंडक्टरशी दुसरंच काही बोलत राहिले.

वडनेर जवळ आलं तशी मी पिशवी घेऊन उठले. सर म्हणाले, "तुमचा विषय त चालू हाये ना? मी पोरीले सांगत असतो, आमचा एक वर्ग गेला, पन एक अजून चालू हाये."

मी म्हणाले, "हो सर, चालू आहे. यंदा तर बाकं पुरत नाहीत."

त्यांचा चेहरा खुलला. गाडी थांबली आणि मी उतरले.