‘का नको’ लिहून ठेवणारे राव सर

“हे कोणी केलं? मला नाव पाहिजे, आत्ताच्या आत्ता.” आमचे मॅनेजर शिवकुमार सर ओरडत होते, आणि ओरडणं असं की एन्नोर बंदरातल्या जहाजांनी भोंगा समजून नांगर उचलले असते. उचलले असते तर बरंच झालं असतं म्हणा. तिथल्या आमच्या गिऱ्हाइकाच्या, एका जहाज एजंटाच्या, चाळीस माणसांची मेल सकाळपासून उघडत नव्हती. कागदपत्रं मेलमध्ये आणि जहाज धक्क्यावर, दोन्ही अडकून पडलेली. नाव अर्थात माझं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून राव सर उठले. “मी केलं,” म्हणाले. “दोन तास द्या.”

ते राव सर गेल्या महिन्यात गेले... वेलचेरीतल्या घरी, सकाळची कापी (कॉफीला ते कापीच म्हणत) पिऊन, पेपर वाचता वाचता.

तंजावरकडचे मराठी. त्यांच्या मराठीला तमिळ हेल असा, की पहिले आठ दिवस मी त्यांच्याशी इंग्रजीत बोललो आणि ते माझ्याशी मराठीत, मग धाकट्या भावाला हाक मारावी तसं त्यांनीच विचारलं, “तंबी, तुमच्या इस्लामपुरात मराठी बोलत नाहीत की काय?” आमचे सर्व्हर युनिक्सच्या जातीचे. बाहेरचं कुठलंही सॉफ्टवेअर तिथे आयतं बसवायचं नाही, मूळ कोडपासून मशीनवरच बांधून घ्यायचं. बांधण्याआधी निळा पडदा येई, त्यावर चौकोनांची रांग: हे हवं का, ते हवं का. हव्या त्यावर खूण करायची. केलेल्या खुणा मशीन पुढच्या वेळेसाठी जपून ठेवी. पण खूण का केली, हे मशीनला कुठलं ठाऊक? ते राव सरांच्या लांबोड्या वहीत असे. प्रत्येक सॉफ्टवेअरला एक पान, आणि पानावर ‘का हवं’पेक्षा ‘का नको’चा मजकूर दुप्पट. मी त्या वहीला मनातल्या मनात पोथी म्हणत असे, आणि पोथ्या न वाचण्याइतका मी तेव्हा आधुनिक होतो.

ती आरडाओरड झाली त्याआधीच्या शनिवारी ऑफिसात मी एकटा. मेलच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली होती. जुन्या खुणा म्हणजे उष्टी पत्रावळ, असं समजून मी त्या साफ पुसल्या आणि लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखा दिसेल त्या चौकोनावर खूण करत सुटलो. मशीन इतका वेळ बांधत बसलं की तेवढ्यात वेलचेरीत दोन इमारती उभ्या राहिल्या असत्या. एकच चौकोन मी सोडला: ‘साधे पासवर्डही चालतील’. पासवर्ड सांकेतिक न करता उघडाच पाठवायचा, हे मला गावंढळ वाटलं. वहीत त्याच चौकोनापुढे लिहिलेलं होतं, ‘एन्नोरच्या एजंटाकडे जुनी मशीनं. त्यांना दुसरं येत नाही. हे काढूं नये.’

राव सरांनी वही उघडली, मला शेजारी बसवलं. “भिऊं नको. मी वाचतों, तू खूण कर.” माझ्या प्रोबेशनचा शेवटचा आठवडा होता आणि वडिलांचे गावात पेढे वाटून झाले होते. राव सरांचा आवाज मात्र पंचांग सांगितल्यासारखा संथ. दीड तासात एजंटाची मेल उघडली. मला वाटलं, आता तरी शिव्या पडतील. राव सरांनी पेन पुढे केलं. “नवीन आवृत्तीचं पान तू लिही. का नको, ते आधी.”

नोकरी टिकली. पुढे मी पुष्कळ सर्व्हर सांभाळले, पुष्कळ फुशारक्याही मारल्या. पण माझं म्हणून जे काही आहे, ते त्या दीड तासातलं आहे. ते त्यांना कधी सांगितलं नाही... तेही ऐकून घेणारे नव्हते, सांगितलं असतं तर “सेरी, सेरी”, म्हणजे बरं बरं, म्हणून कापी मागवली असती.

तेराव्याला शिवकुमार सर भेटले. आता निवृत्त, आवाज अगदी खाली आलेला. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी एका दमात सांगून टाकलं: ते राव सरांनी नव्हतं केलं, मी केलं होतं.

“माहीत होतं,” ते म्हणाले. “त्या शनिवारी राव तंजावरला होते. रजा मीच दिली होती.”