विहिरीवरचे चार स्क्रू

चांदवडजवळच्या आमच्या विहिरीवर विजेचं मीटर बसवलं ते त्यानेच. स्क्रू पिळताना जिभेचं टोक दातांत धरणाऱ्या त्या वायरमनचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. तेव्हा आमचे पुढारी म्हणाले होते, मोजून वीज हाच खरा न्याय. पुढे तेच पुढारी म्हणाले, मोटारीच्या हॉर्सपॉवरवर ठरावीक आकार हाच खरा न्याय. मग मीटर काढायला पुन्हा हाच आला. मीटर उतरवून त्याने चारही स्क्रू लाकडी फळीत होते तिथेच परत पिळले.

"हे कशाला?" माझ्या वडिलांनी विचारलं.

"राहू द्या अण्णा. भाषण बदललं की परत लागतील."

तेव्हापासून दर दसऱ्याला मोटारीची पूजा झाली की अण्णा त्या रिकाम्या फळीलाही हळद-कुंकू लावत आणि स्क्रूंवर तेलाचा थेंब सोडत.

काही वर्षांनी तो खांबावरचं काम उरकून आमच्याकडे चहाला थांबला. बोलता बोलता त्याने एका स्क्रूला बोट लावलं, तर तो अलगद फिरला. तो बघतच राहिला.

"अण्णा, मी गमतीनं बोललो होतो हो!"

"असेल," अण्णा त्याच्या बशीत आणखी चहा ओतत म्हणाले. "पण एवढ्या सगळ्यांत विश्वास ठेवावा असं तुम्हीच बोलला होता."