काढलेल्या कचऱ्यातली रुई

गेल्या रविवारपर्यंत हे माझ्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. नवऱ्याने नाही, दुकानातल्या मुलींनी नाही, आईनेही नाही. रविवारी ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगितलं. आता तुम्हाला सांगते. मध्ये अडखळले तर अडखळू द्या, पण आज हे अर्धवट ठेवून उठायची नाही, एवढं ठरवलंय.

माझं भिवंडीत व्हिडिओ एडिटिंगचं दुकान आहे. राहायला काल्हेरला, सासरी. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी. डीजे, धूर, नाच, आणि सगळं शूटिंग अर्ध्या अंधारातलं. अंधारात कॅमेरा चित्रावर वाळू पेरतो, बारीक दाणे, सारखे वळवळणारे. त्याला आम्ही नॉइज म्हणतो. तो काढायचा, पण नवरीच्या शालूची जर पुसू द्यायची नाही—हे माझं काम. आणि ते मला येतं. उगाच लाजत कशाला सांगू? भिवंडीत माझ्याइतकं ते कुणाला येत नाही असं मी तेव्हा तोंडावर सांगायचे.

भिवंडीत वाळूच्या जोडीला रुई असते. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यांतून उडालेली कापसाची तुसं. मंडपात मोठा लाइट लावला की हवेत तरंगताना दिसतात, आणि मग व्हिडिओत नवऱ्याच्या फेट्याभोवती पांढरे ठिपके नाचत बसतात. प्रत्येक गिऱ्हाईक म्हणणार, ताई, ही रुई तेवढी काढा. म्हणून मी सॉफ्टवेअरमध्ये एक सेटिंग करून ठेवलं होतं. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक स्थिर चित्रं, फ्रेमा. एका फ्रेममध्ये आहे पण मागच्या-पुढच्या फ्रेममध्ये त्याच जागी नाही, असा जो बारीक ठिपका दिसेल तो पुसून टाकायचा. एक बटण दाबलं की झालं. त्या बटणाला मी नाव दिलं होतं, ‘रुई’.

नाव ध्यानात ठेवा.

माझं माहेर भिवंडीतच, लूमच्या कारखान्याच्या मागच्या चाळीत. शाळेतून आलं की आई दारातच अडवायची—रुई झटक, मग आत ये. केसांतली, खांद्यावरची, भुवयांवरची. झटकताना आम्ही कधी बघितलंय त्या रुईकडे? रुई बघायची नसते, झटकायची असते. इथल्या प्रत्येक पोराचा हात आपोआप खांद्यावर जातो. मला वाटतं माझी चूक त्या हातातच होती. पण थांबा, चूक ही गोष्ट नाहीच. चूक कुणाचीही होते. मी जे सांगायला बसलेय ते चुकीच्या नंतरचं आहे.

शाळेत शैलाबाई आम्हाला चित्रकला शिकवायच्या. वर्गात खोडरबराला बंदी. कुणी मागितलाच तर म्हणायच्या, आधी बघ, मग खोड. बाईंचे वडील लूमवर कामाला होते. खोकून खोकून गेले, बाई तेव्हा कॉलेजात होत्या. त्यानंतर बाईंनी एक छोटी फिल्म केली. हाताने काढलेली, चित्रा-चित्रांची. कुणाचा तरी व्हिडिओ कॅमेरा मागून आणला, एक चित्र ठेवायचं, बटण दाबून लगेच सोडायचं, दुसरं ठेवायचं. जुन्या व्हिडिओ कॅसेटवर ते सगळं होतं, आणि कॅसेट बाईंनी पुढची सगळी वर्षं कपाटात साड्यांखाली ठेवली होती.

लॉकडाऊनच्या आदल्या हिवाळ्यात त्या ती घेऊन माझ्या दुकानात आल्या. शाळेच्या संमेलनात दाखवायची होती. साखरेच्या आजाराने त्यांच्या डोळ्यांचा पडदा तोवर बराच खराब केला होता. माणूस ओळखायच्या, मोठे आकार दिसायचे, बारीक काही दिसत नव्हतं. तरी नवी फिल्म काढायला घेतली होती, स्वतःच्या आईवरची. मोठ्या कागदांवर, जाड स्केचपेनने. म्हणाल्या, अजून दिसतंय तोवर उरकते. आणि ही जुनी तू साफ करून दे, तुझ्या हाताला भरवसा आहे.

फिल्ममध्ये काय होतं? काहीच नाही म्हणा. बाप कामावरून घरी येतो. छोटी पोर त्याच्या केसांतली रुई वेचते, तळहातावर घेते आणि फुंकते. एवढंच परत परत. दर वेळी केस जास्त पांढरे, रुई जास्त, बाप जास्त वाकलेला. शेवटी बाप नसतोच. रिकामी खाट, खिडकीतून आलेला उजेड, पोर तोंड फुगवून फुंकते आणि त्या उजेडात रुई उडत राहते. ती रुई बाईंनी वेगळ्या पारदर्शक कागदावर पांढऱ्या शाईने काढली होती. ठिपका-ठिपका. प्रत्येक चित्राला नवा कागद.

आणि मी ‘रुई’ दाबलं.

विचार न करता दाबलं, खरंच. चित्रांच्या फिल्मला सपाट रंग असतात, भिंत म्हणजे एकच पिवळा, साडी म्हणजे एकच हिरवा. तिथे नॉइज दणकून काढला तरी चालतो, असा आमचा हिशेब. शिवाय बाईंचं एकेक चित्र बऱ्याच फ्रेमांवर होतं. काम लवकर व्हावं म्हणून मी त्यातली एकेक फ्रेम ठेवली आणि बाकीच्या उडवल्या. म्हणजे आता प्रत्येक ठिपका एकाच फ्रेममध्ये उरला. पुढच्या फ्रेममध्ये तो सरकलेला. मशीनने तेच केलं जे मी त्याला शिकवलं होतं.

चित्र असं सुंदर निघालं म्हणून सांगू! भिंत लख्ख, रेघ काळीभोर. मी छोटा तुकडा बऱ्याच जणांना पाठवला, सगळ्यांनी अंगठे दाखवले, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर जाऊन बसले. आमच्या कामात एक तपासणी असते. मूळ चित्रातून साफ चित्र वजा करायचं आणि काय काढलं गेलं तेवढंच बघायचं. आई तांदूळ पाखडून झाले की कोंड्यात एकदा हात फिरवायची, कणी गेली नाही ना बघायला, तसं. काढलेल्या कचऱ्यात नुसती वाळू दिसली पाहिजे. रेघ दिसली, आकार दिसला, तर समजायचं की चित्र खरवडलं गेलंय.

संमेलनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी तो कचरा उघडला. करड्या पडद्यावर पोर नव्हती, बाप नव्हता, खाट नव्हती. फक्त रुई होती. सगळीच्या सगळी. जिथे पोरीचं तोंड असायला हवं तिथून निघून ती वर खिडकीकडे चालली होती, झुलत झुलत, आणि शेवटी नुसती भरून राहिली. नॉइजला दिशा नसते हो. ह्याला दिशा होती.

तर मला कळलं होतं. हे मला नीट सांगायचंय—मला आदल्या दिवशी कळलं होतं. उपायही माहीत होता. बाईंनी एक चित्र जितका वेळ धरलं तितका वेळ रुई जागची हलत नाही, वाळू मात्र हलते. त्या चित्राच्या सगळ्या फ्रेमा एकावर एक ठेवल्या की वाळू विरते आणि रुई उरते. मग पुढचं चित्र. मग पुढचं. हाताचं, चिवट काम, काही दिवसांचं. एका दिवसात होणार नव्हतं. पण फोन करता आला असता ना? बाई, माझ्याकडून चुकलंय, ह्या वेळी आहे तशीच धुरकट दाखवू या. किती अवघड होतं? पण मी तुकडा सगळ्यांना पाठवून बसले होते. वाहवा घेऊन बसले होते. आणि मनात आलं ते असं, शब्द न् शब्द: बाईंना कुठे दिसणार आहे?

शाळेच्या हॉलमध्ये बाई पहिल्या रांगेत, मी शेजारी. फिल्म सुरू झाली. पोरीने बापाच्या केसांतून काहीच वेचलं नाही, रिकामा तळहात धरला आणि गाल फुगवून फुंकलं. काहीच उडालं नाही. मागे कुणीतरी हसलं. पुढच्या वेळी आणखी हसले. गंमत वाटली असेल, हवेला फुंकणारी वेडी पोर. शेवटी रिकाम्या खाटेपुढे तिने गाल फुगवले तेव्हा अख्खा हॉल खळखळून हसला.

बाईंनी माझा हात धरला. विचारलं, "रुई दिसते ना गं?"

मी म्हटलं, "दिसते, बाई."

"मग हसले का?"

"लहान मुलं आहेत, गोड वाटलं असेल त्यांना."

कार्यक्रमानंतर लोक येऊन माझं कौतुक करत होते, किती क्लीन, अगदी आजची वाटते. बाई जवळच उभ्या होत्या, पदर घट्ट धरून. रिक्षात बसताना म्हणाल्या, माझं काढणंच कच्चं असणार, बाबांचं मरण बघून लोक हसले म्हणजे. मी काय केलं? रिक्षावाल्याला पत्ता सांगितला.

नंतर त्यांचा फोन आला, ती फिल्म परत कुठे दाखवायची नाही, आणि आईवरचीही आता काढत नाही, हात राहिला नाही. मला हायसं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला, हेच मनात आलं. खोकून गेलेल्या माणसाच्या फिल्मबद्दल मला ही म्हण सुचली! मला माझी किळस येते ती तिथे. त्यांना तेव्हा थोडं दिसत होतं. आणखी एक वर्ष दिसलं असेल, कदाचित दोन. तेवढ्यात आईवरची झाली असती. माझं एक वाक्य पुरलं असतं. दर गुरुपौर्णिमेला मी पेढे घेऊन जायचे, पाया पडायचे, आणि फिल्मचा विषय निघाला की चहाचे कप उचलायचे.

ह्या महिन्यात त्यांचा पुन्हा फोन आला. आता अजिबात दिसत नाही, भाचीकडे पडघ्याला चालल्यात, घर आवरतायत. म्हणाल्या, तुझ्याकडची ती माझी कॅसेट टाकून दे गं, कचरा कशाला सांभाळतेस.

कचरा.

त्याच दिवशी कॅसेट काढली. पहिल्यापासून, एकही फ्रेम न टाकता पुन्हा कॉम्प्युटरवर उतरवली. हळदीच्या ऑर्डरी पुढे ढकलल्या. नवरा म्हणाला, "अगो, सीझन हाय नि तू ह्या काय काढून बसलीस?" म्हटलं, माझं जुनं काम हाय, पुरं करून उठन. एकेक चित्र, त्याच्या सगळ्या फ्रेमा एकावर एक. वाळू गेली, रुई राहिली. प्रत्येक चित्रानंतर कचरा उघडून बघितला. ‘रुई’ नावाचं ते सेटिंग पुसून टाकलं. ह्याने काही फिटतं असं समजून नाही, फक्त माझा हात परत तिथे जाऊ नये म्हणून.

रविवारी त्यांच्याकडे गेले. सामान बांधलेलं, खोली रिकामी. पेढे नेले नाहीत. बसले आणि सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं त्याच क्रमाने. दिसणार नाही म्हणून खोटं बोलले, हेही. शेवटपर्यंत बोलले.

 बाई म्हणाल्या, "म्हणजे बाबांना नव्हते हसले."

"नाही, बाई. रुई नव्हतीच तिथे."

"मी ते सगळे कागद फाडले गं. रुईचे. आईचे पण." त्यात राग होता का? मला कळलं नाही. सरळ सांगितलं त्यांनी, कुणाला हिशेब द्यावा तसं. मग म्हणाल्या, "आणलीयस ना? लाव."

मी लॅपटॉप उघडला. त्या पडद्याकडे तोंड करून बसल्या, पाठ ताठ, वर्गात बसायच्या तशा. बाप आला, पोरीने केसांतून वेचलं, फुंकलं. रुई उडाली. प्रत्येक ठिपका. मी बघत होते, त्या बघत नव्हत्या. खाट रिकामी झाली, उजेड आला, पोरीने गाल फुगवले.

"रुई दिसते ना गं?" बाईंनी विचारलं.

"दिसते, बाई," मी म्हटलं.

खरं होतं. पण मागच्या वेळीही मी हेच म्हटलं होतं, ह्याच आवाजात. बाईंनी मान हलवली नाही. माझा हातही धरला नाही. फिल्म संपेपर्यंत तशाच बसून राहिल्या.