नथूची सही

हे मी कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आणि देवासमोर डोळे मिटून उभा असतो तेव्हाही नाही — तेव्हा तर मुद्दाम दुसरंच काहीतरी मागतो. आज तुम्ही भेटलात, ऐकून घेणारे दिसता. तर बसा जरा.

मी ठाण्याच्या शाळेत मास्तर. अक्षर ओळखण्यात माझा हात धरणारा कुणी नाही असं लोक म्हणतात — आणि खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटतं. दस्तावरची सही खरी की बनावट हे विचारायला लोक लांबून येतात. मी चष्मा चढवतो, कागद उजेडात धरतो आणि निकाल देतो. एकदाच चुकीचा दिला. चुकून नव्हे.

नथू पैलवान आमच्या ठाण्याच्या कोळीवाड्यातला. खाडीत मचवा वल्हवून त्याचे खांदे असे झाले होते, की दारातून आत येताना तो जरा तिरका होई. स्वभाव मात्र गाईचा. कल्याणच्या कुस्त्यांच्या दंगलीत त्यानं भल्याभल्यांना अस्मान दाखवलं, तेव्हा मुंबईच्या एका फोटोवाल्यानं त्याची तसबीर काढून जाड पुठ्ठ्याच्या कार्डांवर डकवली. पैलवानांची अशी कार्डं जत्रेत विकायला येत. शौकीन लोक ती जमवत, आपसांत बदलत, आणि पैलवान भेटलाच तर त्यावर त्याच्या हातची निशाणी घेत. निशाणीच — लिहिता कुणाला येत होतं? शेतकरी सहीच्या जागी नांगर काढतो, बाई बांगडी काढते, तसं नथू वल्हं काढायचा.

एकदा त्यानं मला धक्क्यावर गाठलं. वल्हं काय, कुणीही काढेल, म्हणाला. त्याला स्वतःचं नाव लिहायचं होतं. पण शाळेत पोरांच्या रांगेत बसला तर सगळी तालीम हसणार. म्हणून गुपचूप शिकायचं. आणि माझ्या घरी — माझ्या घरी त्याला ओटीच्या वर कसा बोलावणार होतो मी? मग मीच त्याच्याकडे जाऊ लागलो. घरी सांगायचं, खाडीवर फिरायला जातो.

तो डावरा. अक्षरं काढून झाली की त्यांच्या डोक्यावरची रेघ उजवीकडून डावीकडे ओढायचा. मी रागावलो, हात धरून पाहिला, शेवटी नाद सोडला. शिकवणं संपलं की त्याची बहीण आंबी माझ्यापुढं ताट ठेवायची. तांदळाची भाकरी आणि जवळ्याचं सुकं. जवळा! त्याचा नुसता वास आला तरी आमची आई खिडक्या लावून घेई. पहिल्या दिवशी मी नको म्हणालो. आंबीनं आग्रह केला नाही, ताट तसंच राहू दिलं. पुढच्या खेपेला जेवलो. मग जेवतच गेलो. सांगू? इतक्या सुखाचं जेवण मी नंतर कुठं जेवलो नाही.

नाव नीट यायला लागलं तेव्हा नथूनं पहिली सही आपल्या एका कार्डावर केली, शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसला, आणि ते कार्ड आंबीला दिलं. त्याच पावसाळ्यात तो तापानं गेला.

कल्याणच्या तालमीत नामांकित पैलवानांची कार्डं मारुतीच्या शेजारच्या भिंतीवर लावतात. एकदा तिथं कार्ड लागलं की दर हनुमान जयंतीला त्या पैलवानाचं नाव घेऊन नारळ फोडतात. नथूला मूलबाळ नव्हतं. त्याचं नाव घेणार कोण? आंबीला तो नारळ हवा होता, बाकी काही नाही. पण दंडक असा, की कार्डावर पैलवानाच्या स्वतःच्या हातची खूण हवी. आंबी कार्ड घेऊन गेली आणि वस्तादांनी मान हलवली. नथूची निशाणी वल्हं, हे अख्ख्या तालमीला ठाऊक. मग हे नाव लिहिलं कुणी?

मी तेव्हा सासुरवाडीला कल्याणलाच होतो. सासरे तालमीचे आश्रयदाते, आणि आमच्या ज्ञातीच्या पंचांतले. जावयाची विद्या दाखवायला ते मला हौसेनं घेऊन गेले. तालमीच्या अंगणात वस्तादांनी कार्ड माझ्या हातात दिलं. उजेडात धरायची गरजच नव्हती. वरच्या रेघेची शाई उजवीकडे दाट होती, आणि डावीकडे जाता जाता फिकी झालेली.

आंबी भिंतीशी उभी होती. मला पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरची सगळी काळजी गेली — ते मी पाहिलं, म्हणून सांगतो.

"मास्तर, तुमीच सांगा," ती म्हणाली. "माजे भावाची सही हाय ना ही?"

हो म्हणावं, तर वस्ताद विचारणार, त्याला शिकवलं कुणी? मी शिकवलं म्हणावं, तर सासरे विचारणार, कुठं? आणि मग ते ताट, तो जवळा, वाळीत पडणं, प्रायश्चित्त. पण कुठं ते सांगायची तरी काय गरज होती? मी शिकवलं, एवढं बोलून गप्प बसता आलं असतं. तेवढंही माझ्यानं झालं नाही.

मी म्हणालो, "हे नथूचं अक्षर नाही."

आता एक वाक्य तिच्या हातात होतं. मास्तर नथूला शिकवायला येत, आमच्याकडं जेवत, एवढं ती बोलली असती तर सही खरी ठरली असती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग सासऱ्यांकडे. मग परत माझ्याकडे, आणि तिला सगळं कळलं.

"मास्तर म्हंतान तं नसंल," ती म्हणाली. कार्ड पदरात गुंडाळून निघून गेली.

त्या दुपारी सासऱ्यांनी चारचौघांत माझ्या नजरेचं कौतुक केलं. सासूबाईंनी श्रीखंड वाढलं आणि मी आणखी मागून घेतलं. होय, मागून घेतलं.

हनुमान जयंतीला मी अजून कल्याणला जातो. एकेक नाव घेतलं जातं, नारळ फुटतो. नथूचं नाव येत नाही. वाटलेलं खोबरं मीही खातो.

परवा कोळीवाड्यावरून चाललो होतो. आंबी दारात जाळं दुरुस्त करत बसली होती. केस पिकलेत तिचे. तिनं हाक मारली, या म्हणाली, आणि मी गेलो. आत भिंतीवर ते कार्ड होतं, त्याला ताजा हार. त्या दिवसाचा विषय तिनं काढला नाही. पाट मांडला, ताट ठेवलं — तीच भाकरी, तोच जवळा. मी पाटावर बसायच्या आधी वळून गल्लीत पाहिलं, कुणी आहे का. सासरे जाऊन किती वर्षं झाली, आई गेली, आता मला विचारणारं कोण उरलंय? तरी पाहिलं. आंबीच्या ते लक्षात आलं. ती उठली आणि तिनंच दार लोटून घेतलं.

मग मी जेवलो.